मावशीचा डोळा

चंद्रपूर-गडचिरोलीत आजारी पडायचंच असेल तर वाघ होऊन पडावं. सकाळी ताडोब्याच्या मोहर्ली गेटातून जिप्सी आत जाते, एखादी वाघीण पुढचा पाय जरा जपून टाकताना दिसते, आणि दहा वाजायच्या आत ती लंगडी चाल पुण्या-मुंबईच्या मोबाइलवर फिरत असते. दुपारी ‘वनविभागाला जाग कधी येणार?’, संध्याकाळी वनविभागाचा खुलासा. स्वतःचा मोतीबिंदू ‘पिकू दे जरा’ म्हणत ज्यानं वर्षानुवर्षं ठेवलाय, तोसुद्धा वाघिणीला आजच्या आज बेशुद्ध करून मलमपट्टी करा, असं निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या चढतो.

वाघ जखमी झाला, म्हातारा झाला तर काय करायचं, याची राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं लेखी कार्यपद्धती घालून दिलेली आहे. चंद्रपुरात वन्यजीवांसाठी उपचार केंद्र आहे, त्याच्याही वर नागपूरचं गोरेवाडा आहे. एवढं असूनही जंगलातल्या वाघाबाबत जाणत्यांचा कल साधारण असा, की झुंजीत झालेल्या जखमेत माणसानं उगाच नाक खुपसू नये, लांबून नजर ठेवावी. धोरण शहाणपणाचं आहे. घोळ इतकाच, की ते आपण वाघाला लावू देत नाही आणि घरातल्या मांजरीला तंतोतंत लावतो.

वाघाची ही मावशी पडवीत बसलेली असते. एक डोळा घट्ट मिटलेला, नाकाच्या कडेनं पिवळट ओघळ. जाता-येता सगळे बघतात. ‘होते आपोआप बरी. जनावराले निसर्गच पायते.’ जिप्सीत ज्याच्या पोटात कालवाकालव होते तोच पडवीत आला की कट्टर निसर्गवादी. हेमलकशात अनाथ बिबट्याशी खेळणारे प्रकाश आमटे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलेत. तो फोटो कौतुकानं पुढे पाठवताना पायात घुटमळणारं मांजर मात्र जरा बाजूला सारावं लागतं.

मग ओट्यावर बैठक भरते. या बैठकीला कोरमची अट नाही. पहिला मुद्दा हमखास वाघडोहचा. ‘वाघडोहले कोन ड्रॉप टाकत होतं जी?’ ताडोब्याचा तो दांडगा नर. चेहऱ्यावरच्या जखमेच्या खुणेमुळे पर्यटक त्याला स्कारफेस म्हणत. मे २०२२ मध्ये चंद्रपूरजवळ सिनाळ्याच्या जंगलात मेला तेव्हा वय सतराच्या आसपास होतं. एवढी जखम घेऊन तो जगला, मग पडवीतल्या मांजरीला काय धाड भरलीय? युक्तिवाद बिनतोड वाटतो. जखम चिघळून जे वाघ झुडपात मेले त्यांची पोस्टरं कुणी छापली नाहीत आणि त्यांना टोपणनावंही मिळाली नाहीत, हे ओट्यावर कुणी काढत नाही. काढलंच तर चहा येतो.

दुसरा मुद्दा उपचार. चहाचं गार पाणी, गुलाबजल, मध, एरंडेल, हळदीचा बोळा आणि बाळंतिणीचं दूध. हे शेवटचं सुचवणाऱ्या गृहस्थाला दूध कुणाकडे मागायचं असं विचारलं की तो लगेच पेपरात डोकं घालतो. तरी या मंडळींचा मला फार राग येत नाही, कारण चहाच्या पाण्यानं मुख्यतः वेळ जातो. खरा धोका फ्रिजच्या दारात असतो. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे आले होते, आठवतंय? काळे चष्मे घालून माणसं लग्नाच्या बोलणीला बसली होती. तेव्हा मेडिकलमधून घरोघर बाटल्या गेल्या आणि अर्ध्या-अर्ध्या उरल्या. डोळ्याचा ड्रॉप उघडल्यावर महिनाभरात फेकायचा असतो, पण पैसे देऊन आणलेली वस्तू फेकायची आपली रीत नाही. ती बाटली मांजरीसाठी राखून ठेवलेली असते.

त्यातल्या पुष्कळ ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोन किंवा तसलंच काही. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याला जखम झालेली असेल, तर स्टेरॉइडनं लाली उतरते, डोळा जरा बरा दिसतो, ‘पाहा, उतार पडला’ म्हणून ओट्यावर टाळी घेतली जाते. आणि आत जखम भरायची थांबते, जंतूंना रान मोकळं मिळतं, पडदा विरघळत जाऊन शेवटी भोकही पडू शकतं. अशी जखम आहे की नाही हे नुसतं पाहून ओट्याला काय, डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. त्यासाठी फ्लुरोसीन नावाच्या रंगाची पट्टी डोळ्याला लावतात. जिथे सोललं असेल तिथे रंग धरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. पाच मिनिटांचं काम. याच फ्रिजशेजारी पॅरासिटामॉलची गोळीही असते, आणि ‘दुखत असंन बिचारीले’ म्हणून ती देणारा दयाळू माणूसही. मांजराला ती गोळी विष आहे. पाव नाही, अर्धी नाही, अजिबात नाही.

मावशीला जखमा होतात कशानं? आपल्याकडे तर कारणांची ददात नाही. चंद्रपूर-घुग्घुसला कोळशाची धूळ. गल्लीतल्या बोक्याचं नख, ज्याचं वरून टोचल्याएवढं दिसतं आणि आत पू होतो. आणि पूर्वेकडे, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीपासून थेट गडचिरोलीपर्यंत, धान. मळणीच्या दिवसांत तणसात उंदीर आणि उंदरामागे मांजर, त्यात गवताचं कुसळ पापणीआड गेलं की ते आपोआप निघत नाही, प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात आपला हात धरणारा कुणी नाही. खरंखुरं कुसळ असलं की मात्र नजर अधू होते.

गंमत म्हणजे ‘दवाखान्यात कधी न्यायचं’ हा प्रश्न याच मातीत कधीच सुटलेला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गडचिरोलीच्या खेड्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांच्या हाती वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी दिली. बाळाच्या दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; मिनिटाची वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत हात पोचला, की न्यूमोनिया. सासूचा सल्ला नाही, ओट्याचं बहुमत नाही. पुढे गावातल्या बायकांनी नवजात बाळांची धोक्याची लक्षणं ओळखून घरीच उपचार केले, ते काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगानं उचललं. ज्या जिल्ह्यानं जगाला हे शिकवलं, तिथला पदवीधर मांजरीचा डोळा पाहून अंगणात नाणं उडवतो.

मण्यांची पाटी मांजरीलाही करता येईल, आणि मणी फार लागणार नाहीत. डोळा उघडा आहे, पाणी येतंय पण पाण्यासारखंच, मांजर खातंय, माशीवर झडप घालतंय, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसावं, दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. पण डोळा मिटून धरला असेल, किलकिला करत असेल, तर ती वेदना आहे. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत, एवढं दाखवतंय म्हणजे पुष्कळ झालं. बुबुळ धुरकट किंवा निळसर दिसलं, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, हिरवा-पिवळा पू आला, काही लागलंय हे ठाऊक असलं, तर त्याच दिवशी निघायचं. म्हातारं मांजर एकाएकी पाटावर आपटायला लागलं, तर ते ‘वय झालं’ नव्हे. रक्तदाब वाढून डोळ्यामागचा पडदा सुटलेला असू शकतो. हो, मांजरालाही बीपी असतं, आपल्या घरात राहतं म्हटल्यावर असणारच. पिल्लांच्या पापण्या पुवानं चिकटल्या असतील तर आत डोळा सडतो आहे असं समजून पळावं. आणि दर पावसाळ्यात किंवा पाहुणे आले की ज्या मांजरीचा डोळा येतो, तिच्यात बहुधा मांजरांचा हर्पिस विषाणू लहानपणीच मुक्कामाला आलेला असतो; तो जन्मभर जात नाही, ताण आला की उठतो. पाहुण्यांबाबत मांजरीचं मत विचारात घ्यायला हे एक शास्त्रीय कारण.

आता जायचं कुठे, हा मुद्दा ओट्याच्या बाजूनं जातो, मान्य आहे. चंद्रपूर-गडचिरोली शहरात सोय होते. पण सिरोंचा गडचिरोलीहून सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता बंद, मग ‘त्याच दिवशी’ म्हणजे कोणत्या दिवशी हे नदीला विचारायचं. म्हणून लोक म्हणतात, एवढं लांब कोण जातं, थांबू दोन दिवस. हिशोब नेमका उलटा हवा. रस्ता जितका लांब तितकं लवकर निघावं, निदान फोटो काढून जवळच्या सरकारी पशुवैद्याला फोन तरी करावा. त्याचा दवाखाना गाई-बैलांसाठी बांधलेला असतो. सरकारचा १९६२ हा फोन नंबरही मुख्यतः गोठ्याकडे तोंड करून आहे, पण डॉक्टर डॉक्टरच असतो. वाघांची मोजणी दर चार वर्षांनी होते, २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात ४४४ भरले. २०१९ च्या पशुगणनेत गाढव, उंट, ससा, हत्ती, कुत्रा सगळ्यांना रकाना होता. मांजर कुठेच नाही. ती धानाची कणगी राखते, पण हजेरीपटावर नाव नाही, मग आजारपणाची रजा कुठून?

तरीही आमच्या आळीतल्या एक वहिनी परवा निघाल्या. बाजाराच्या पिशवीत मांजर, पिशवीच्या तोंडाला ओढणी. ओट्यानं हसून घेतलं: ‘वहिनी, वाघ नाही हो ते!’ दवाखान्यात रजिस्टरमध्ये जनावराचा प्रकार ‘इतर’ असा पडला. रंगाची पट्टी लावली, डोळ्यात हिरवा ठिपका चमकला, पापणीआडून कुसळ निघालं. डॉक्टरांनी एक ट्यूब लिहून दिली आणि फ्रिजमधली बाटली फेकायला सांगितली.

आठवड्यानं मावशी दोन्ही डोळे वटारून ओट्याकडे बघायला लागली. त्याच संध्याकाळी ओट्याचे अध्यक्ष वहिनींच्या दारात. एक डोळा लालभडक, चोळून चोळून सुजलेला.

‘वहिनी, ते मांजरीची ट्यूब उरली असंन तर द्या न जी थोडी. आता डोळ्यासाठी कायले दवाखान्यात जावं?’