जाड की पातळ

इंजिन ऑइल जाड असावं की पातळ, या विषयावर निफाड तालुक्यात तटस्थ माणूस सापडत नाही. कांद्याचा भाव, कालव्याचं आवर्तन, सोसायटीची निवडणूक यांवर एखादा गप्प बसेलही, पण पिकअपचं बॉनेट उघडं आणि शेजारी ऑइलचा डबा दिसला, की रस्त्याने जाणारा माणूस मोटारसायकल स्टँडवर लावतो, डोकं आत घालतो आणि विचारतो, "कोणतं टाकताय?" उत्तर काहीही द्या. तो म्हणणार, "टाका. पण पातळ पडंल."

जाड ते दमदार आणि पातळ ती फसवणूक, हा आमच्याकडचा जुना सिद्धांत. दुधापासून वरणापर्यंत सगळ्यांना तो लागू होतो, मग इंजिनानेच काय घोडं मारलंय?

पिकअप धाकट्या भावाची. हंगामात तिच्यातून द्राक्षाचे क्रेट जातात. एरवी टोमॅटो, कांदा, खताच्या गोण्या, लग्नाचा मांडव आणि अधूनमधून एखादी नाराज म्हैस. मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतो. द्रवांची श्यानता हा धडा दरवर्षी माझ्याकडेच असतो, त्यामुळे ऑइलच्या बाबतीत घरात मला कोणी काही विचारत नाही.

विचारतात ते आण्णांना. आण्णा म्हणजे आमचे चुलते. त्यांनी उभी हयात ट्रॅक्टरवर काढली आणि ते ऑइलची परीक्षा बोटांनी करतात. डब्याचं झाकण उघडायचं, एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा, त्यावर तर्जनी टेकवायची, दोन्ही बोटं हळूहळू लांब न्यायची आणि मधे ताणली जाणारी तार डोळ्यांसमोर धरून बघायची. तार लांब गेली तर "माल आहे." लवकर तुटली तर ते काही बोलत नाहीत, बोटं धोतराला पुसतात. या पुसण्याने बाजारपेठेतल्या कित्येक डब्यांची इज्जत गेलेली आहे.

हेच काम प्रयोगशाळेत जरा जास्त लांबण लावून करतात. काचेची एक बारीक नळी बरोबर १०० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रवात बुडवतात, ऑइल त्या नळीतून आपल्या वजनाने खाली उतरतं आणि किती सेकंदांत उतरलं ते घड्याळावर मोजतात. त्यातून जो आकडा निघतो तो सेंटिस्टोकमध्ये. ९.३ पासून १२.५ च्या आत असेल तर ते ३० नंबरचं, १२.५ पासून १६.३ च्या आत असेल तर ४० नंबरचं. डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं त्यातले ४० हे एवढेच.

आता आण्णांच्या बोटांची गंमत बघा. बाजारातलं साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना, म्हणजे आमच्या वैशाखातल्या दुपारी, शंभराच्या वर सेंटिस्टोक भरतं. ५डब्ल्यू-३० सत्तरच्या आसपास. बोटांना हा फरक कळतो, आण्णा खोटं बोलत नाहीत. पण इंजिन तापल्यावर पहिलं येतं चौदा-पंधरावर आणि दुसरं अकरा-बारावर. दोन्ही वितळून जवळपास एकाच रांगेत येऊन बसतात. बोटांची परीक्षा १०० अंशांना घेतली तर ती बरोबर ठरेल, पण तशी ती एकदाच घेता येईल.

डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याबद्दल तर गावात फारच गैरसमज आहेत. चौफुलीवरच्या फिटरचं म्हणणं, पंधरा हे हिवाळ्यातलं आणि चाळीस हे उन्हाळ्यातलं तापमान. ऐकायला इतकं पटतं की मी पण पहिल्यांदा मान डोलावली. निफाडात दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. वास्तविक डब्ल्यू हिवाळ्याचाच, पण हिवाळा आपला नव्हे. १५डब्ल्यूच्या ऑइलने उणे २० अंशांना स्टार्टर मारला तर इंजिन फिरू द्यायचं आणि उणे २५ ला पंपाने ओढलं तर यायचं, अशी ती परीक्षा असते. ५डब्ल्यूची परीक्षा त्याहून दहा अंश खाली. निफाडला पारा दोन-तीन अंशांवर आला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात, पेपरात गोठलेल्या दवाचे फोटो येतात, बागाईतदार रात्र-रात्र जागतात. तेवढ्या थंडीत १५डब्ल्यूला साधी कानटोपीही लागत नाही. ५डब्ल्यूचा आपल्याला फायदा एवढाच, की पहाटे चावी मारल्यावर ते टर्बोपर्यंत आणि इंजिनाच्या वरच्या अंगाला जरा लवकर पोचतं. द्राक्षाची गाडी पहाटेच निघते, तेव्हा हा फायदा अगदीच फुकट जात नाही.

एकच ऑइल थंडीत पंधराचं आणि गरम झाल्यावर चाळीसचं कसं वागतं, हे मी एकदा ओट्यावर समजावून सांगत होतो. त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. गारठ्यात ते मुटकुळं करून पडतात, ऊब लागली की हातपाय पसरतात आणि पातळ होऊ घातलेल्या ऑइलला आवर घालतात. पुढे दात्यांच्या आणि बेअरिंगांच्या कचाट्यात सापडून त्या साखळ्या तुटत जातात आणि चाळीसचं ऑइल हळूहळू तिसाकडे घसरतं. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे कंपनी भेसळ करते."

बरं, जाडवाल्यांचं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. क्रँक बेअरिंगमध्ये फिरताना स्वतःच ऑइल ओढून घेतो आणि त्याच्या पडद्यावर तरंगतो. हा पडदा काही मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. वेग चांगला असेल तर पातळ ऑइलचाही पडदा धरतो. वाशीहून परतीचं भाडं भरून कसाऱ्याचा घाट चढताना मात्र गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत असते, फेरे कमी, लोड जास्त, ऑइल तापलेलं. तिथे नेमून दिलेल्यापेक्षा पातळ ऑइल असलं तर धातूला धातू लागतो. जुन्या, रिंगा झिजलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनाला एक नंबर वरचं ऑइल बरं पडतं, हेही खरं. आण्णांचा ट्रॅक्टर या दोन्ही वर्गांत बसायचा, म्हणून त्यांचं ज्ञान त्या ट्रॅक्टरपुरतं पक्कं होतं.

पातळ पक्षाचा पुढारी आमचा पुतण्या. तो मोबाइलवर कुठल्यातरी देशातल्या दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ बघतो, ज्याची पिकअप आमच्या ओट्याएवढी आहे. "काका, तिकडं झिरो-ट्वेंटी टाकतात!" तिकडे टाकत असतील. ते इंजिन त्या ऑइलसाठीच बनवलेलं असतं, आणि त्यातून डिझेल-पेट्रोल थोडं वाचतं. आपल्या गाडीत टाकलं तर काय वाचेल आणि काय जाईल याचा हिशेब दाढीवाला देत नाही.

फिटरचा पक्ष वेगळाच. त्याच्या मते कुठल्याही गाडीला ठरावीक एका कंपनीचं ऑइल चालतं. इतकी निष्ठा मी देवळातही पाहिलेली नाही. पुढे कळलं की त्या डब्याच्या झाकणाखाली कुपन असतं, आणि पुरेशी कुपनं साठली की फिटरच्या घरी मिक्सर येतो. मला त्याचा राग नाही. या चर्चेत ज्याचं मत नेमकं कशावर आधारलेलं आहे हे कळतं, असा तो एकटाच.

सगळ्यांनी आपापली मतं मांडून झाल्यावर मी भावाला म्हटलं, "गाडीचं पुस्तक कुठंय?"

"कोणतं पुस्तक?"

ते डॅशबोर्डच्या खणात होतं. वर बाजार समितीच्या पावत्या, पीयूसीचे कागद, सुपारीच्या पुड्या, एक सुकलेलं लिंबू. आणि तळाशी, शोरूमच्या प्लास्टिकमध्ये, अजून सीलबंद. मी नखाने प्लास्टिक फाडलं तेव्हा भावाचा चेहरा असा झाला, जणू गाडीची किंमत तिथेच उतरली. आत एक तक्ता होता. खाली तापमानाची पट्टी, तिच्यावर आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर ऑइलचा नंबर. आमच्या हवामानाला ५डब्ल्यू-३०, आणि शेजारी ठळक अक्षरांत: कमी राखेचं.

खरी मेख इथे होती, आणि जाड-पातळच्या भांडणात तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. काजळी साठली की गाडी ती जाळून टाकते. पण ऑइलमध्ये धातूंचे क्षार घातलेले असतात, आणि जे थोडंफार ऑइल इंजिनात जळतं त्यातल्या क्षारांची राख होते. राख पुन्हा जळत नाही. ती तिथेच बसून जाळी बुजवते. ट्रॅक्टरसाठीचं दमदार ऑइल अशा गाडीत टाकलं तर इंजिन कदाचित कुरकुरणार नाही, जाळी मात्र नक्की कुरकुरेल. आणि ती जाळी बदलायची किंमत ऐकून आण्णासुद्धा क्षणभर पातळ झाले.

तर तेच ऑइल आणलं. गाडी थोडी गरम करून चेंबरचा नट सोडला, डांबरासारखी काळी धार घमेल्यात पडली, फिल्टर बदलला, नवं ऑइल भरून पट्टी दोनदा पुसून बघितली. रिकामा डबा फिटरने मागितला. भरून पुन्हा बाजारात जाण्यापेक्षा बरं म्हणून मी त्याला खिळ्याने भोकं पाडली, तर आई ओरडली, तिला तो तुळशीला पाणी घालायला हवा होता. भोकांमुळे उलट सोय झाली.

जळकं ऑइल कोणी टाकून देत नाही. गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून आण्णांनी घमेलं रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी ते ब्रश घेऊन बसले होते. डिझेल इंजिनात ऑइलमध्ये काजळी मिसळत जाते आणि त्याने ते घट्ट होतं. रात्रीत थंड होऊन आणखी घट्ट झालेलं. आण्णांनी सवयीने अंगठ्यावर थेंब घेतला, तर्जनी टेकवली, बोटं लांब नेली. तार चांगली वीतभर गेली असेल.

त्यांनी भावाला हाक मारली. "इकडं ये. हे बघ." पुन्हा तार काढून दाखवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या सरांचं ऐकून असलं ऑइल काढून टाकलंस व्हय?"