फ्रिजच्या नळीचे जाणकार

ज्या फ्रिजच्या दारावर पेला टेकवताच थंड पाणी पडते आणि ज्याच्या पोटात बर्फ आपोआप तयार होतो, त्या फ्रिजला मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक नळी कायमची जोडावी लागते. आणि अशी नळी ज्या घरी जोडायची असते त्या घरी, कंपनीचा तंत्रज्ञ येण्यापूर्वीच, एक विशिष्ट प्रकारचे गृहस्थ खुर्ची ओढून बसलेले असतात. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि त्याच्या शिवेवरच्या गावांत या गृहस्थांना त्यांच्या वयानुसार भाऊ, अण्णा किंवा बाप्पा म्हटले जाते. येथे ‘बाप्पा’ हाच उल्लेख केला आहे, कारण या वर्गातील ज्ञान पन्नाशीनंतरच पक्व होते. चाळिशीतला अण्णा अजून माहितीपुस्तिका उघडून पाहतो. पुढील वर्णन कोणा एका व्यक्तीचे नसून संपूर्ण वर्गाचे आहे, तरीही गावातील निदान चार जणांना ते आपलेच वाटेल, आणि त्या चौघांनाही त्याचा आनंदच होईल.

बाप्पांच्या अधिकाराचा उगम शोधू जाता तो विहिरीवरच्या मोटारीत, ग्रामपंचायतीच्या नळयोजनेत आणि मुख्यतः ठिबक सिंचनात सापडतो. ठिबक म्हणजे बारीक नळ्यांतून पिकाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी देण्याची पद्धत. तेलगावच्या साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या या पट्ट्यात ती जाणणारे पुष्कळ असले, तरी बाप्पांनी तिची वाळूची गाळणी स्वतः उघडून धुतलेली असते, आणि सोळा मिलिमीटरची नळी कुठे फुटली हे ते पाण्याच्या आवाजावरून सांगतात. त्यामुळे फ्रिजच्या खोक्यातून सहा मिलिमीटरची पांढरी नळी बाहेर पडते तेव्हा बाकीचे लोक तिच्याकडे कुतूहलाने बघतात आणि बाप्पा ओळखीच्या नजरेने बघतात. ती दोन बोटांत दाबून ते एवढेच म्हणतात, “ठिबकचीच हाय. रंग तेवढा बदललाय.”

असा फ्रिज गावात येण्याचे कारण बहुधा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा असते. गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये भारतात फ्रिज तयार करण्यास सुरुवात केली; तेव्हापासून दीर्घकाळ या यंत्राची घरमालकाकडे विजेखेरीज काही मागणी नव्हती, आणि वीज गेली तरी ते निमूटपणे घामेजून उभे राहत असे. पाणीही मागणारा फ्रिज मराठवाड्यात पाठवणे हे त्या मानाने धाडसाचे कृत्य आहे. मुलाचा हेतू मात्र निर्मळ असतो: आईला सारखे उठून बाटल्या भरून ठेवाव्या लागू नयेत. पुण्याच्या सदनिकेत नळ उघडला की पाणी येते, या अनुभवावरून नळ सर्वत्र तसेच वागत असतील, असा त्याचा समज झालेला असतो. वास्तविक तो याच घरात, नळाच्या वेळेला घागरी लावत लहानाचा मोठा झालेला असतो.

दोन दारांचा हा फ्रिज सुमारे तीन फूट रुंद असल्यामुळे तो जुन्या घराच्या चौकटीतून जात नाही. येथे बाप्पांचे पहिले कार्य सुरू होते. फ्रिजची दारे काढावीत की घराचे दार काढावे, यावर टेम्पोचालक, घरमालक आणि शेजारी यांच्यात मतभेद होतात. बाप्पा टेप न लावता वितीने मोजून घराचे दार काढण्याचा निर्णय देतात, आणि तो बरोबर ठरतो. त्यानंतर फ्रिजला हळदीकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो, आणि कोणी उत्साहाने वीज जोडू लागला तर बाप्पा त्याचा हात धरतात. वाहतुकीत फ्रिज आडवा झाला असल्यास त्याच्या कॉम्प्रेसरमधील, म्हणजे थंडावा निर्माण करणाऱ्या वायूला दाबणाऱ्या यंत्रातील, तेल इतर नळ्यांत सरकलेले असू शकते आणि ते परत खाली उतरेपर्यंत थांबणे इष्ट असते. बाप्पांचे स्पष्टीकरण निराळे असते, “परवासातून आलाय, जरा टेकू द्या त्याला.” शास्त्रीय कारण आणि बाप्पांचे कारण यांतून निघणारी कृती एकच असल्याने त्यांच्याशी वाद घालण्याची गरज पडत नाही.

खरी कसोटी लागते ती पाण्याच्या दाबाच्या प्रश्नावर. अशा फ्रिजमध्ये सोलेनॉइड झडप असते. विजेच्या वेटोळ्यात चुंबकत्व येऊन उघडणारी आणि वीज थांबली की मिटणारी ही झडप नीट काम करावी म्हणून अनेक कंपन्या किमान दीड बारच्या आसपास दाब मागतात. बार हे दाबाचे माप असून एक बार दाबासाठी सुमारे दहा मीटर उंचीवरून पाणी यावे लागते, म्हणजे दीड बारसाठी पंधरा मीटर, अर्थात जवळजवळ पन्नास फूट. एकमजली घराच्या स्लॅबवरील टाकी फार तर बारा-तेरा फुटांवर असते. तंत्रज्ञ हे गणित भ्रमणध्वनीवर करत असताना बाप्पा अंगणात जाऊन, वर पाहून परत आलेले असतात आणि म्हणतात, “टाकी हाय एका मजल्यावर, अन् ह्याची मागणी पाच मजल्याची.” दाब कमी असला तर झडप उघडत नाही एवढेच नव्हे, तर उघडलेली नीट मिटतही नाही आणि टपकत राहते, ही पुष्कळ शहरी ग्राहकांना ठाऊक नसलेली गोष्ट बाप्पांना ठिबकच्या स्वयंचलित झडपांवरून चांगलीच माहीत असते. मात्र यावर ते जो पहिला उपाय सुचवतात तो, फ्रिज ग्रामपंचायतीच्या जलकुंभाखाली ठेवावा, हा असतो. तो सहसा स्वीकारला जात नाही.

टाकीसंबंधी त्यांचा दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाच्या सहवासात वाढलेल्या या माणसाला मृतसाठा ही संकल्पना लहानपणापासून परिचित आहे. धरणातील जे पाणी ते सोडण्याच्या दाराच्या पातळीखाली उरते आणि नेहमीच्या मार्गाने बाहेर काढता येत नाही, त्या पाण्याला मृतसाठा म्हणतात. घरच्या टाकीचे छिद्रही तळापासून काही इंच वर असते, म्हणून प्रत्येक टाकीला तिचा मृतसाठा असतो, असे बाप्पांचे प्रतिपादन आहे आणि ते निर्विवाद आहे. नळ लांबला की फ्रिजची नळी हवा ओढणार, हे भाकीत ते याच आधारावर करतात. कोणी ‘लाइन’ कायमची जोडण्याचा आग्रह फारच धरला, तर ते २०१६ च्या एप्रिलची आठवण देतात, जेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोचले. “लाइन म्हणजे ती. तीबी कायमची नव्हती.”

यानंतर पाण्याच्या गुणवत्तेचा विचार येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. तंत्रज्ञ हे क्षार पेनासारख्या छोट्या मीटरने मोजतो. बाप्पांचे परिमाण डाळ हे आहे. पाण्यातील कॅल्शियममुळे तूर लवकर शिजत नाही, हा स्वयंपाकघराचा अनुभव खराच आहे, परंतु “ज्यात डाळ शिजंना, त्याचा बर्फ कसा व्हायचा?” हा त्यावरून काढलेला निष्कर्ष तर्कशास्त्रात बसणारा नाही. बर्फ होतो, झडपेत आणि गाळणीत पांढरा थर मात्र बसतो. हा थर ठिबकच्या तोट्यांतही बसतो आणि शेतकरी तो सौम्य आम्ल सोडून विरघळवतात. म्हणून एका शांत क्षणी बाप्पा तंत्रज्ञाला म्हणतात, “साहेब, आमी ठिबकला आम्ल देताव, तसं वर्षातून एकदा ह्यालाबी देत जाऊ.” तंत्रज्ञाच्या हातातील मीटर खाली पडतो. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात शेतीचे आम्ल सोडणे धोक्याचे आहे, हे समजावण्यात त्याचा इतका वेळ जातो की गाळणी साधारण सहा महिन्यांनी बदलायची असते आणि ती विकत मिळते, हे सांगायचे राहून जाते. या संपूर्ण प्रकरणात बाप्पांचे पूर्णपणे चुकलेले एवढे एकच मत आहे, आणि तेच त्यांना मागे घेणे सर्वात जड जाते.

घरातील स्त्रियांचा संताप निराळ्या कारणासाठी असतो. नवी नळी आणि गाळणी धुऊन निघावी म्हणून सुरुवातीचे बरेच लिटर पाणी वाहू द्यावे आणि पहिला बर्फ टाकून द्यावा, असे माहितीपुस्तिका सांगते. काही पुस्तिकांत हे पाणी दहा लिटरच्या घरात जाते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी दररोज ५५ लिटरचे आहे, म्हणजे यंत्राच्या केवळ चूळ भरण्यात एका माणसाच्या दिवसाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जायचा.

“बाप्पा, पाणी फेकून द्या म्हणायलेत हे.”

“पुण्यात फेका म्हणावं, आक्का. इथं हंडा लावा.”

हंडा लावला जातो आणि पाणी तुळशीला जाते. फ्रिजने टाकलेल्या पाण्यावर वाढलेली तुळस हा पुस्तिकेच्या लेखकांना न सुचलेला लाभ आहे.

अखेरीस जी व्यवस्था उभी राहते ती सर्वत्र सारखीच असते. वीस लिटरचा विकतच्या पाण्याचा जार फ्रिजच्या शेजारी चौरंगावर ठेवला जातो, बंद पडलेल्या शुद्धीकरण यंत्रातून बाप्पांनी दूरदृष्टीने काढून ठेवलेला छोटा पंप मध्ये बसतो, नळीचे एक टोक जारात आणि दुसरे फ्रिजच्या पाठीत जाते. बाप्पा नळी कापताना हातभर जास्त ठेवतात, जेणेकरून फ्रिज पुढे ओढून झाडू मारता येईल. नळीचे टोक ते तिरके न कापता सरळ कापतात, कारण तिरके टोक खोबणीत नीट बसत नाही आणि सांधा गळतो. अशा प्रकारे आपोआप पाणी देणाऱ्या फ्रिजला हाताने पाणी भरून देण्याची सोय पूर्ण होते, आणि ती चालते. बाटल्या भरण्यापासून सुटलेली आई आता जार उचलण्यासाठी गल्लीतल्या पोरांना हाका मारते.

या व्यवस्थेतील प्रत्येक भाग पुस्तिकेच्या विरुद्ध आहे, असा आक्षेप शहरातील मुलगा व्हिडिओ कॉलवर घेतो. तो तितकासा खरा नाही. दाब, स्वच्छता, न गळणारा सांधा आणि मागे सोडलेली मोकळी जागा या पुस्तिकेच्या सर्व अटी पाळलेल्या असतात. पाळलेले नसते ते फक्त, घरात चोवीस तास दाबाने पाणी येते, हे पुस्तिकेने न सांगता धरलेले गृहीत. तंत्रज्ञालाही हे पटलेले असते, कारण ‘जोडणी अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी’ या सूचनेवर बोट ठेवून झाल्यावर तो जाता जाता बाप्पांचा नंबर घेतो.

गावी आईवडिलांना असा फ्रिज पाठवण्याचा बेत असलेल्यांनी दुकानात नळीचा फ्रिज न मागता, आतच चार-पाच लिटरची टाकी असलेला आणि हाताने भरता येणारा मागावा. तोही दारातून थंड पाणी देतो आणि त्याला जोडणी लागत नाही. बाप्पा मात्र तरीही येतील, त्यांच्यासाठी चहा टाकून ठेवावा.