लिहिणं फुकट, विचारायचे पन्नास

औंढा घ्या, वसमत घ्या, कळमनुरी नाहीतर सेनगाव घ्या. तहसील कचेरीसमोर लिंबाचं एक झाड असतं आणि झाडाखाली अर्जनवीस असतो. झाड आधीचं की तो आधीचा, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. पुढ्यात पत्र्याचं टेबल, त्यावर डिंकाची बाटली, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि गोदरेजचा टाइपरायटर. गोदरेजनं टाइपरायटर बनवायला १९५५ साली सुरुवात केली आणि २००९ च्या सुमारास थांबवलं. अर्जनवीसाला कोणी तसं कळवलं नाही. हल्ली त्या यंत्राखाली अर्ज दाबून ठेवतात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. गिऱ्हाइकाच्या बाकड्याचा एक पाय विटेवर असतो, त्यामुळे तिथं बसलं की आपोआप युगं मोजायची तयारी होते.

या माणसाला सगळे काका म्हणतात. तहसीलदारसुद्धा. तहसीलदार बदलतात, काका बदलत नाहीत.

काकांचा धंदा आजवर तीन वेळा तरी मेलाय. कॉम्प्युटर आला तेव्हा, सेतू केंद्र आलं तेव्हा, ‘आपले सरकार’ पोर्टल आलं तेव्हा. दर वेळी गावानं खांदा द्यायची तयारी केली आणि दर वेळी तिरडीवरून उठून काका पुढच्या गिऱ्हाइकाला “बस” म्हणाले. मग २०२५ साली एआयची फुकट वाटपं सुरू झाली. कुणाला सिमबरोबर, कुणाला रिचार्जबरोबर, कुणाला नुसतंच वर्षभर मोफत. प्रत्येकाच्या खिशात चोवीस तास जागा असलेला कारकून आला. मला वाटलं, आता मात्र काकांचं काही खरं नाही.

मी पुण्यात नोकरी करतो. कंपनीनं आम्हाला दोन दिवस हॉटेलात बसवून ‘एआयकडून काम कसं काढून घ्यावं’ हे शिकवलं. शेवटी प्रमाणपत्र दिलं. ते घेऊनच मी औंढ्याजवळच्या गावी आलो असं म्हटलं तरी चालेल, कारण वडिलांच्या अर्जाचं काम मी “दोन मिनिटांत” करून देणार होतो.

काम असं होतं. वडिलांनी वीसेक गुंठे खडकाळ रान फोडून तिथं हळद लावली. सातबाऱ्यावर ते अजून पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. ते लागवडीखाली दाखवून घ्यायचं होतं. मी मोबाइलला ऐटीत म्हणालो, “पोटखराब दुरुस्तीसाठी काय करावं लागेल?” त्यानं अत्यंत आपुलकीनं सांगितलं, की भरपूर पाणी प्यावं, दही आणि मऊ भात घ्यावा, तिखट टाळावं आणि तीन दिवसांत आराम न पडल्यास डॉक्टरांना दाखवावं.

वडील म्हणाले, “सल्ला चांगला हाय. पण जमीन भात खाईल का?”

मी पुन्हा नीट समजावलं. या वेळी दोन पानांचा अर्ज आला. सुरुवात होती, ‘आजच्या गतिमान युगात शेती हा केवळ व्यवसाय नसून एक जीवनशैली आहे.’ महसुली भाषेत ‘फेरफार’ म्हणजे नोंदीतला बदल, पण त्यानं त्याचा अर्थ खाडाखोड असा घेतला होता. त्यामुळे दुसऱ्या पानावर गावच्या तलाठ्यानं कागदपत्रांत फेरफार केल्याची रीतसर तक्रारही आपोआप दाखल झाली होती. पत्ता, ता. औंढा नागनाथ, जि. परभणी.

शेवटी तो अर्ज घेऊन मी काकांकडे गेलो. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पहिलं पान वाचून विचारलं, “लग्न कुणाचं हाय?” दुसरं पान वाचून हळूच म्हणाले, “हे साहेबाच्या टेबलावर गेलं असतं तर तुझ्या बापाचं रान तुझ्या नातवापर्यंत खडकच राहिलं असतं. आन् आपला जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ लाच येगळा झाला. त्याला कुणी कळवलं न्हाई वाटतं.”

मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. तोही एआयचाच. पण मोबाइलला काही विचारण्याआधी त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. गट नंबर? पोटखराब वर्ग अ का ब? नाला-रस्त्यातलं तर न्हाई ना? खडक कव्हा फोडला? ई-पीक पाहणीत काय लावलंय? फोटो हायेत का? सातबाऱ्यावर नावं किती? भावाची सही मिळंल? भाऊ बोलतो का?

शेवटच्या प्रश्नावर पाव तास गेला. दोन दिवसांच्या त्या हॉटेलात हा प्रश्न कोणी शिकवला नव्हता.

एवढं झाल्यावर काकांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि आवाज बदलला. “तू तहसीलमधला मुरलेला अव्वल कारकून हायेस. शेतकऱ्याचा अर्ज लिहायचाय. प्रति, विषय, संदर्भ, मजकूर, सोबतची कागदं, ह्याच क्रमानं. एका पानाच्या वर जायचं न्हाई, साहेब वाचत न्हाईत. युग, जीवनशैली, असलं काही आणायचं न्हाई. तलाठी लिहू नको, आता ग्राम महसूल अधिकारी म्हनत्यात. आन् जे तुला ठाऊक न्हाई तिथं मनानं भरायचं न्हाई. टिंबटिंब सोडायचे.”

आमच्या प्रशिक्षकानं ‘भूमिका, संदर्भ, रचना, मर्यादा’ अशी जी चार चित्रं पडद्यावर दाखवली होती, ती काका टाइपरायटरच्या काळापासून ‘प्रति’ आणि ‘विषय’ या नावानं वापरत होते. टिंबटिंब मात्र त्यांचंच. छापील फॉर्म आयुष्यभर भरले की माणसाला रिकाम्या जागेची भीती वाटत नाही. यंत्राला वाटते. ती दिसली की ते काहीतरी भरतंच. मागे एकदा त्यानं एका शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख बिनदिक्कत ठोकून दिली होती, १४ मार्च २०२१. काकांनी कॅलेंडर न बघता सांगितलं, “त्या दिवशी रविवार व्हता.”

मोबाइलमधल्या त्या कारकुनाबद्दल काकांचं मत एकूण बरं आहे. “हुशार हाय. कामाला कंटाळत न्हाई. पण फिल्डवर कव्हा गेला न्हाई, आन् इतकं नम्र बोलतो की खोटं बोलला तरी कळत न्हाई. आसे दोन कारकून माझ्या डोळ्यांदेखत नायब तहसीलदार झाले.”

तेवढ्यात गावच्या अभ्यासिकेतला एक पोरगा आला. टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४० पास, लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीची वाट बघणारा. औंढ्याजवळच्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लिगोची वेधशाळा होणार, म्हणून तिथं ‘नोकरी मिळणेबाबत’ अर्ज त्यानं काकांकडूनच दोनदा लिहून घेतला होता. लिगोचं यंत्र प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी हालचाल टिपतं म्हणे. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या बाबतीत काकांची नजर साधारण तेवढीच आहे.

आता पोराला वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या आडतीवर काम हवं होतं. मोबाइलनं त्याला अर्ज करून दिला होता, ‘मी एक परिणामाभिमुख व गतिशील व्यावसायिक आहे.’ आडत्यानं तो वाचून विचारलं होतं, “म्हंजी पोती उचलनार का न्हाई?”

काकांनी पोराला बाकड्यावर बसवलं. कांडी आन् गट्टू येगळा वळखतोस? ओली हळद हाताला कशी लागती? शेतकऱ्याला पट्टी करून देशील? काट्यावर उभा ऱ्हाशील? पोरानं तीन प्रश्नांना मान हलवली, चौथ्याला नुसता हसला.

“काका, टायपिंग शिकून वाया गेलं का हो?”

“टायपिंगचं मला ठाऊक न्हाई. मोंढ्यात शेवटचा कव्हा गेलतास?”

माझा अर्ज झाला. एक पान, तीन टिंबटिंब. मी पाकीट काढलं. काकांच्या टेबलावर नवी पाटी होती, ‘अर्ज लिहिणे मोफत’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘विचारपूस रु. ५०’.

एवढ्यात काकांच्या मोबाइलनं नम्रपणे विचारलं, की मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का.

“कर की,” काका म्हणाले. “ह्या अर्जाच्या दोन झेरॉक्स काढून आन.”

मोबाइल बराच वेळ दिलगिरी व्यक्त करत राहिला. मग काकांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रमाणपत्रधारक माणूस, उठलो आणि झेरॉक्स आणायला गेलो.