दफ्तरदार

लाल कापडी कण्याची एक जाड वही काखोटीस मारून एखादे गृहस्थ आपल्या दारात उभे राहिले, आणि पायातल्या वहाणा काढण्यापूर्वीच त्यांनी ‘पौष पौर्णिमेला आपण मोकळे आहात ना?’ अशी पृच्छा केली, तर वाचकहो, त्यांना बसवावे, चहा पाजावा, पण होकार देण्यापूर्वी ‘घरात विचारून येतो’ असे सांगून आत जावे आणि शक्य तितका वेळ आतच राहावे. मी हे पथ्य पाळले नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमच्या सहा वानप्रस्थांच्या मंडळाने मालवण तालुक्यातील समुद्रकाठी, सुरूच्या बनातल्या लाकडी खोल्यांमध्ये जो मुक्काम केला, त्याच्या तयारीचा साक्षीदार होण्याचे भाग्य माझ्या वाट्याला आले.

या गृहस्थांना आम्ही दफ्तरदार म्हणतो. त्यांची सारी हयात एका कचेरीच्या हिशेबी शाखेत गेली, आणि निवृत्तीनंतर तपासण्याजोगे दुसऱ्याचे हिशेब हाती न उरल्यामुळे त्यांनी निसर्गाचेच दफ्तर तपासावयास घेतले असावे, असा माझा तर्क आहे. प्रत्येक मित्रमंडळात असा एक पुरुष असतो. तो गात नाही, पत्ते खेळत नाही, विनोद सांगत नाही. मात्र ‘एकदा कुठेतरी गेले पाहिजे’ हे वाक्य, जे आपण जांभई द्यावी तितक्या सहजतेने उच्चारतो, ते कानी पडताच त्याच्या मुद्रेवर दरखास्त दाखल झाल्याचे तेज चढते.

पहिली बैठक महिना ठरविण्यासाठी होती. मे महिन्यात गर्दी आणि उकाडा म्हणून तो प्रारंभीच नामंजूर झाला. जून-जुलैत मासेमारीस बंदी, आणि ताजा बांगडा मिळणार नसेल तर कोकणात जाऊन करायचे काय, असा रोकडा सवाल आमच्यातील एका सामिष सभासदाने केला. पुढे श्रावण आला, त्यात तोच सभासद स्वतःच निरामिष. भाद्रपदात गणपतीसाठी सारी मुंबई कोकणात उतरते, तेव्हा गाडीत पाऊल ठेवण्यास जागा नाही. मग पितृपक्ष, मग नवरात्राचे उपास, मग दिवाळीला मुलेबाळे घरी. आणि मार्गशीर्षातले गुरुवार दोन सभासदांच्या कुटुंबांनी राखून ठेवलेले. अशा रीतीने हिंदू धर्म आणि मत्स्यव्यवसाय खाते या उभयतांच्या तडाख्यातून निसटलेला पौष महिना तेवढा शिल्लक राहिला. तोही शुभकार्यास वर्ज्य आहे अशी हरकत निघालीच. परंतु सहल हे शुभकार्य नव्हे, असा निकाल देऊन दफ्तरदारांनी विषय मिटविला.

निवासाचा प्रश्न अधिक नाजूक होता. दफ्तरदारांनी आपल्या टिपणात ‘केबिन’ हा शब्द योजला होता. त्यावर त्यांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, केबिन साहेबाची असते. जन्मभर तिच्या दाराबाहेर उभे राहिलात, आता पैसे मोजून आत जाऊन बसणार होय?” या टोल्यानंतर तो शब्द वहीत खोडून त्या जागी ‘लाकडी खोपटे’ अशी दुरुस्ती करण्यात आली व तिच्याखाली तारखेसह सही झाली.

त्या खोपट्यांच्या व्यवस्थापकास त्यांनी जे पत्र धाडले, त्याची स्थळप्रत मी वाचली आहे. त्यात १७ प्रश्न होते. खोलीपासून समुद्र किती पावलांवर आहे. ही पावले भरतीच्या वेळची की ओहोटीच्या. छपरावर कौले आहेत की पत्रा. सुरूच्या बनात फुरसे आढळते काय, आढळत असल्यास शेवटचे केव्हा आढळले. आणि सोलकढी जेवणाच्या दरात समाविष्ट आहे की ती निराळी आकारली जाते. तीन आठवड्यांनी उत्तर आले, ते मालवणीत आणि तीनच शब्दांचे होते: “येवा. सगळा आसा.” फुरशाच्या प्रश्नालाही हेच उत्तर लागू होत असल्याचे ध्यानात आल्यावर दफ्तरदारांनी स्मरणपत्र पाठविले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

परंतु त्यांच्या प्रतिभेचा खरा विलास पाहावयाचा तो समुद्रस्नानाच्या वेळापत्रकात. पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की, तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. ज्या पाऊणकीसाठी बालपणी पंतोजींच्या छड्या खाल्ल्या, ती पुढे साऱ्या नोकरीत एकदाही उपयोगी पडली नाही, याचे शल्य दफ्तरदारांच्या मनात पन्नास वर्षे होते. आता खुद्द सिंधुसागर पाऊणकीच्या हुकमाने चालतो हे कळल्यावर त्यांचे डोळे पाणावल्याचे मी पाहिले. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा सकाळी सव्वाअकराला भरती पूर्ण, आणि पौर्णिमा असल्याने ती उधाणाची, सबब त्या वेळी गुडघ्यापलीकडे कोणी जाऊ नये, अशी ताकीद सर्वांस लेखी मिळाली.

सामानाविषयी विस्तार करीत नाही. तुरटी, कापूर, सुई-दोरा, मेणकागदात गुंडाळलेली काडेपेटी आणि लाकडी खोल्यांत राहावयाचे ठरलेले असतानाही ‘असू द्यावा’ म्हणून घेतलेला तंबू, एवढ्यावरून बाकीचे ताडता येईल.

आता तिकिटांकडे वळतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी होत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली, तेव्हा आपल्या आयुष्यातील दोन महिने सरकारजमा झाल्याप्रमाणे दफ्तरदार खिन्न झाले होते. तरीही साठाव्या दिवशी तिकिटे निघाली. शुक्रवारी रात्री जेवून निघावयाचे, दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांची सावंतवाडीची गाडी धरावयाची आणि शनिवारी कुडाळला उतरावयाचे, असा बेत होता. शुक्रवारी रात्री साडेअकराला आम्ही सहा जण तंबूसह फलाटावर सिद्ध झालो. गाडी लागली. आमच्या बाकांवर एक अपरिचित कुटुंब अंथरुणे पसरीत होते. तपासनीसाने तिकिटांवर नजर टाकली आणि अत्यंत आदराने म्हटले, “काका, ही शुक्रवारची आहेत. शुक्रवारची गाडी गुरुवारी रात्रीच गेली.”

मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, ही गोष्ट त्या लाल वहीत कोठेही नोंदलेली नव्हती.

आम्ही धावपळ करून साधी तिकिटे काढली आणि बिनआरक्षणाच्या डब्यात तंबूवर आळीपाळीने बसून प्रवास केला. रागाचे चार शब्द प्रत्येकाच्या ओठांवर होते. पण दफ्तरदार रात्रभर दाराशी, आधाराची दांडी धरून, एक अक्षर न बोलता उभे होते, त्यामुळे ते कोणाच्याच तोंडून निघाले नाहीत. सकाळी रत्नागिरी स्थानकात त्यांनी खाली उतरून सहा चहा आणि सहा वडे आणले. पुढे हिशेबाच्या वेळी मी वही मुद्दाम चाळली. त्यात चार आण्यांच्या दोऱ्यापर्यंत सर्व काही आहे. ते चहा आणि वडे नाहीत.

रविवारी पौर्णिमेस आम्ही गुडघाभर पाण्यात बागडत असता ते काठावर पाच जणांचे चष्मे आणि दहा वहाणा सांभाळीत, घड्याळ हाती धरून उभे होते. त्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘समुद्र दहा मिनिटे अगोदर हजर.’

सोमवारी धामापूरच्या तलावावर गेलो. आमच्यात तलावपक्ष दुबळा, म्हणून त्याला एकच दिवस मिळाला होता. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये तो बांधविला, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, एवढे टिपण दफ्तरदारांनी वाचून दाखविले आणि मग भगवती मंदिराच्या, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांवर ते बसले. झाडांची हिरवी सावली पाण्यावर निश्चल पडली होती. बऱ्याच वेळाने वही मिटून ते मला म्हणाले, “हे काम चोख आहे. भरती नाही, ओहोटी नाही. पाणी ठेवले होते तिथेच आहे.”

त्यांच्या तोंडून कोणाचीही एवढी स्तुती मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.

परवा ते पुन्हा आले होते. या पौषात वेंगुर्ल्याकडे जायचे घाटत आहे. वहीत कामांची वाटणी झालेली असून तिकिटे काढण्याच्या कामापुढे प्रथमच त्यांचे नाव नाही, माझे आहे. आणि गाडी तीच, रात्री १२ वाजून ५ मिनिटांची आहे.