गवत, यंत्र आणि कार्यकारिणी

इंग्लंडातील स्ट्राउडच्या एडविन बडिंगने, लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, 1830 साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले, तेव्हा त्याची दुरुस्ती आमच्या जिमखान्याच्या कार्यकारिणीत वारंवार तहकूब होईल, अशी शंका त्या सद्गृहस्थास शिवली नसावी. फिरती पाती पाजवून खालच्या पट्टीशी जुळवली, इतकी की मध्ये धरलेला कागदाचा कपटा सफाईने कातरला जावा, तर यंत्र अजून पुष्कळ चालेल, असे माळी म्हणतो. परंतु पगारी नोकराचे मत इतिवृत्तात नोंदविण्याचा रिवाज नाही. नव्या खरेदीस खजिनदारांची हरकत, जुने मोडीत काढण्यास चिटणिसांची. दरम्यान, मैदानात म्हशी चारण्याचा शेजारच्या गवळ्याचा अर्ज रीतसर दाखल झाला आहे. तो बिनशर्त मंजूर करावा.