फ्रीजमधलं नको!

“फ्रीजमधलं नको, ताजं काहीतरी कर.” मुलुंड असो की बोरिवली, रात्री साडेआठच्या सुमारास हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. बोलणाऱ्याला वाटतं, आपण तब्येतीला जपतोय. प्रत्यक्षात तो दुसऱ्या कुणाचा तरी दीड तास मागत असतो.

हा दीड तास येतो कुठून ते बघा. फोर्टातल्या कचेरीतून सव्वासहाला निघालेली बाई बोरिवलीला उतरते तेव्हा पावणेआठ झालेले असतात. स्टेशनाबाहेर भाजी, मग रिक्षाची रांग, आणि घरी आल्यावर हातपाय धुवून थेट ओट्यापाशी. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी गाडी बायकांसाठी सोडली, लेडीज स्पेशल. मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या, मटार आणि लसूण सोलणाऱ्या बायकांचं तेव्हापासून आजवर किती कौतुक झालं! मुंबईची जिद्द म्हणून ते चित्र दाखवतात. मला त्या चित्राचा राग येतो. नशिबाने बसायला जागा मिळाली, तर ती पन्नास मिनिटंही तिला डोळे मिटता आले नाहीत, कारण घरी कुणाला तरी रात्री ताजी मेथी हवी होती.

केंद्र सरकारची २०२४ ची वेळवापर पाहणी सांगते की स्वयंपाक, झाडलोट, कपडे अशी घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटं फक्त हातभार लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे कशालाच हात लावत नाहीत, ते या हिशेबात नाहीतच.

‘आपल्यात असं साठवलेलं खात नाहीत’ हा दुसरा दावा. कोण म्हणतं? वेसाव्याच्या कोळीवाड्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात ते पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की कालवणाला काही हवं म्हणून. मरोळ-गोराईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मसाला भाजून कुटून गडद काचेच्या बाटल्यांत भरतात आणि तो वर्षभर वापरतात. कुरडया, सांडगे, भाजणी, मेतकूट, मुरांबा हे सगळं आगाऊ करून ठेवलेलंच आहे, आणि त्याला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आजीने उन्हात वाळवलं की ती परंपरा, सुनेने फ्रीजरमध्ये ठेवलं की तो आळस. असा न्याय मला मान्य नाही.

हो, फ्रीजरबद्दल आधी खरं बोलू. पाश्चात्त्य घरांत तळघरात वेगळा मोठा फ्रीजर असतो, त्यात महिनाभराची जेवणं रचून ठेवतात. आपल्या वन बीएचकेत कपाटाचं दार उघडताना पलंगाला लागतं. एकदारी फ्रीजचा फ्रीजर म्हणजे पंधरा लिटरांच्या आसपासचा कप्पा, त्यातही कडेने बर्फ चढलेला. तिथे तयार जेवणाचे डबे मावणार नाहीत, मावायची गरजही नाही. आपल्या स्वयंपाकात वेळ खातात ती पूर्वतयारीची कामं, तीच गोठवायची.

सर्वांत आधी वाटण. कांदा-खोबरं भाजणं, लसूण सोलणं, मिक्सर लावणं आणि मग मिक्सरचं भांडं घासणं, यात रोजची वीस-पंचवीस मिनिटं जातात. रविवारी एकदाच चार वाट्या वाटण करा, गार करा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत काढून ठेवा. एक वडी उसळीला, दोन वड्या कोंबडीच्या रश्श्याला. दुसरं, कडधान्यं. अर्धा किलो मटकी भिजून मोड आले की दुपटीहून जास्त होते. ती एका दमात वाफवून तीन डब्यांत घातली की कुकर एकदा लागतो आणि उसळी तीन होतात. चवळी, राजमा, छोले यांचंही तसंच. तिसरा नारळ. तो फोडला की सगळा खवायचा आणि उरलेला चव गोठवायचा. अर्धी वाटी फ्रीजच्या दारात ठेवून चौथ्या दिवशी बुरसटलेली फेकायची नाही. कोथिंबीरवडीचे आणि अळूवडीचे उकडलेले उंडेही उत्तम टिकतात, आयत्या वेळी काप करून तव्यावर टाकायचे. पोळी-भाजी केंद्रांत ते विकत मिळतात, पण घरी चार उंडे करायला एक उंडा करण्यापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही.

सगळंच मात्र गोठवू नये. बटाट्याची फोड वितळल्यावर पाणी सोडते आणि लगदा होते. काकडी, कोशिंबीर, दही घातलेलं काहीही नको. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो.

आता पैसे. थंडीत मटार स्वस्त असतो तेव्हा शेंगा घ्याव्यात. किलोभर शेंगांतून जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात. उकळत्या पाण्यात ते दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढावेत, कोरडे करून पिशव्या भराव्यात. टोमॅटोचंही तेच. २०२३ च्या जुलैत मुंबईत टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला तेव्हा आपण सगळे कपाळाला हात लावून बसलो होतो. उन्हाळ्यात तो मातीमोल विकला जात होता तेव्हा उकडून, गाळून, गोठवून कुणी ठेवला होता? भाव चढल्यावर ओरडण्याचा आपल्याला हक्क आहे, पण भाव पडल्यावर चार किलो घेऊन ठेवणंही आपल्याच हातात आहे.

आणि ओरडण्याचा हक्क मी मुळीच सोडत नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी केली, तेव्हा उपनगरांतल्या चाळींमधल्या बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना जाब विचारला. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळालंच पाहिजे, ही त्यांची मागणी. घरखर्चाचं कोडं एकट्या बाईने डबे चाचपत सोडवायचं नसतं, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं. आज मात्र बजेट कोलमडलं की तिलाच बजावलं जातं, जरा हात आखडून खर्च कर. हात नेमका कुठे सैल सुटलाय, ते आकडे सांगतात. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी घराच्या खर्चापैकी जवळजवळ ४० टक्के खाण्यापिण्यावर जातात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आहे पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा, एकूण खर्चाच्या साधारण ११ टक्के. दूध, भाजी, धान्य, सगळं त्याच्या मागे. म्हणजे घरात वाफवलेली मटकी नसते म्हणून मोबाइलवरून बिर्याणी येते. ज्यांना फ्रीजमधलं चालत नाही, त्यांना कुठल्या भटारखान्यात कधी रांधलंय हे माहीत नसलेलं, स्कूटरवरून अर्धा तास हिंडून आलेलं चालतं!

याहून एक गोष्ट मला जास्त बोचते. घाटकोपर-अंधेरीत सकाळपासून पाच-सहा घरी पोळ्या लाटणारी बाई असते. ज्या घरात कालची भाजी कुणी ताटात घेत नाही, तिथे ती भाजी जाताना तिच्या हातात ठेवली जाते. आपल्या पोटाला जी बाधेल असं वाटतं, ती तिच्या मुलांच्या पोटाला कशी चालते? भाजी चांगली असेल तर घरच्यांनी खावी. तिला द्यायचं असेल तर आज केलेलं द्यावं.

आता साठवलेल्या अन्नाच्या भीतीचं बोलू, कारण ती सगळीच खोटी नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड जागी गेलंच पाहिजे. मुंबईच्या मे-जूनच्या दमट उकाड्यात त्याहून लवकर. अख्खं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका, मधलं गरमच राहतं. पसरट ताटात काढा, पंख्याखाली गार करा, उथळ डब्यांत भरा. भाताला सर्वांत जास्त जपा. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात रात्रभर ओट्यावर राहिला तर वाढून विष तयार करतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. त्यामुळे फोडणीचा भात करायचा असेल तर भात रात्रीच फ्रीजमध्ये गेलेला हवा. खाताना वाफ येईपर्यंत तापवा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. एकदारी फ्रीजमध्ये शिजवलेलं जेवण दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवण्याच्या फंदात पडू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तसं काही झालं तर दार उघडून ‘वितळलं का’ बघत बसू नका. बंद दाराआड थंडी टिकते.

आता रविवारचं. हे सगळं करायला अडीच-तीन तास लागतात. ते पुन्हा त्याच बाईने उभं राहून काढायचे असतील तर तिच्या आठवड्यातली उरलीसुरली दुपारही गेली, आणि अशा फ्रीजरचा मला काडीचा उपयोग वाटत नाही. मटार सोलणं, लसूण सोलणं, नारळ खवणं ही बसून करायची कामं आहेत. मॅच बघता बघता होतात. डब्यांवर तारीख आणि नाव घालायला आठवीतला मुलगा पुरे. टोमॅटो गाळायला सासरेबुवांना वेळच वेळ असतो. मधल्या वारी जो आधी घरी पोचेल, त्याने डबा काढावा आणि कढई चढवावी. मटकी शिजलेली आहे, वाटण तयार आहे. उरते ती फोडणी, तिला पाच मिनिटं लागतात. ती येत नसेल, तर शिकायलाही तेवढीच लागतात.