फोटोच्या कापलेल्या कोपऱ्याबद्दल आभार

परमआदरणीय, सुपारीसम्राट, आमच्या तालुक्यातील नामांकित ब्रास बँड व बँजो पार्टीचे मालक यांस,

श्रीगोंद्याहून एका फोटोग्राफरचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, चौकात लागलेला आपला नवा फ्लेक्स पाहिला. बँड फारच देखणा दिसतो. लग्नसराईच्या तोंडावर आपल्याला सुपाऱ्यांवर सुपाऱ्या मिळोत. त्यावरचे सगळे फोटो मी काढलेले आहेत, हे आपल्या लक्षात असेलच असे नाही. कामाचा व्याप मोठा.

कोपऱ्यातले माझे नाव आपण किती सफाईने कापलेत! नाव पुरते जावे म्हणून कात्री जरा आत घेतलीत, त्यात क्लॅरिनेट वाजवणारे काकाही गेले. एका फटक्यात दोन माणसे कमी झाली. मधोमध आपण, फेटा बांधून, हात जोडून. आपण कोणते वाद्य वाजवता, हे विचारायचे राहूनच गेले.

मानधनाचा विषय मी काढला तेव्हा आपण पाठीवर हात ठेवून म्हणालात, “पैशाचं काय घेऊन बसलात, तुमचं नाव होईल.” त्या आशीर्वादाने मी भारावून गेलो. नाव होण्यासाठी ते आधी फोटोवर राहावे लागते, एवढीच अडचण. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मात्र “तुझं नाव होईल” म्हणून कुणी दावणीचा बैल सोडून नेत नाही.

आपल्या प्रकाशयोजनेचाही मी ऋणी आहे. लाल एलईडीचा झोत चेहऱ्यावर पडला की नाक, डोळे, सुरकुत्या सगळे एका लाल डागात बुडते. वादक हलतात म्हणून शटर फास्ट ठेवावे, तर उजेड पुरत नाही; आयएसओ वाढवावा, तर फोटोत दाणे उठतात. त्यात आपण हौसेने लेझर आणलात. त्याची किरणे थेट लेन्समध्ये शिरली तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळू शकतो. झगमगाट आपला, कॅमेरा माझा, अशी ही न्याय्य वाटणी.

काकांचा तो फोटो मिळाला कसा, ते सांगतो. वरात वळणावर थांबली होती. मागून येणाऱ्या जनरेटरच्या गाडीचा हेडलाइट त्यांच्या तोंडावर पडला, आणि तेवढ्यापुरता रंगीत झोतांचा जोर हटून स्वच्छ पांढरा उजेड मिळाला. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. पुढे पोरे नाचत होती, त्यांच्याकडे काकांचे लक्षही नव्हते. ते सूर धरून उभे होते. रात्रभरच्या कामात असा फोटो एखादाच निघतो. आपण नेमका तोच कापलात. मालक, इथे मला आभार मानणे जमत नाही. याचा मला राग आहे.

तरी आपला एक उपकार विसरता येणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी सांगून आणि मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा मालक मोबदला देणारा ठरतो. आपण रुपयाही दिला नाहीत. त्यामुळे ते सगळे फोटो कायद्याने माझेच राहिले. उद्या पैसे देऊन आपण ते विकत घेतलेत, तरी कलम ५७ प्रमाणे ‘हे काम माझे’ असे सांगण्याचा हक्क माझ्याकडेच राहतो. आपल्या काटकसरीला मनापासून प्रणाम.

“वरातीत फोटो काढायला कसली आलीय कला?” असेही आपण प्रेमाने विचारलेत. तोच कायदा म्हणतो की फोटोत कलागुण असोत वा नसोत, ती कलाकृतीच. पण मला कायद्यापेक्षा संदेश भंडारे जवळचे वाटतात. तमाशा कलावंतांची त्यांनी काढलेली छायाचित्रे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात आहेत. पुण्यात सतीश पाकणीकरांनी शास्त्रीय गायक-वादकांचे चेहरे वर्षानुवर्षे टिपले. अमेरिकेतल्या जिम मार्शलने आयुष्यभर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोटो काढले आणि २०१४ साली ग्रॅमीवाल्यांनी त्याचा मरणोत्तर सन्मान केला. आपल्या बँडवाल्यांच्या वाट्याला काय येते? मोठ्या गवयाच्या ध्वनिमुद्रिका राहतात, चरित्रे निघतात. वरातीत उभा जन्म वाजवणाऱ्या माणसाचा पुरावा म्हणून बहुधा एखादा फोटो उरतो. तोही आपल्या कात्रीतून सुटला तर.

आपण आपल्या श्रीगोंद्याच्या संत शेख महंमद महाराजांच्या दर्शनाला जाता, हे मी पाहिले आहे. भक्तिभावाबद्दल शंका नाही. त्यांच्या ‘योगसंग्राम’ची पोथी हाताने नकलून घेतली जात होती, तेव्हा इथे ना छापखाना होता ना कॉपीराइट. तरी शेख महंमदांचे नाव ग्रंथाबरोबर आजवर टिकले. ते नाव जपणाऱ्यांच्या गावात, आपल्या फ्लेक्सवर माझे नाव लग्नसराईपुरतेही राहू नये?

आता विनंती ऐकावी. फ्लेक्स पुन्हा छापावा. त्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ताशा, बँजो, सगळे वादक पूर्ण दिसावेत आणि खाली त्यांची नावे असावीत. त्यानंतर जागा उरली तर माझे. मोबाइलवर स्टेटसला ठेवलेल्या फोटोंवर चढवलेले चकचकीत फिल्टर उतरवावेत; काकांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्यांच्या स्वतःच्या आहेत. आणि पुढच्या सुपारीचा बयाना घ्याल, त्यातून फोटोग्राफरचा बयाना त्याच दिवशी बाजूला काढावा. तो मीच असेन असे नाही. तालुक्यात नवी पोरे कॅमेरा घेऊन उभी राहताहेत, त्यांना आपला आशीर्वाद रोख मिळावा.

आपला कृपाभिलाषी,
फ्लेक्सवर नसलेला फोटोग्राफर

ता. क. : बिल सोबत जोडले आहे. काकांच्या फोटोची मोठी प्रिंट काढून फ्रेम केली आहे, ती त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे. तिचे पैसे बिलात धरलेले नाहीत.